दहा मिनिटांचा अडसर

फोनमधलं एखादं अ‍ॅप तुमच्या हातात चुकलं, तर चूक तुम्ही कुणाची मानता? अ‍ॅपची, की स्वतःची?

खरं सांगा. मी विचारलेल्या बहुतेकांनी खाली बघत उत्तर दिलं की आपलंच काहीतरी चुकलं असेल. हे उत्तर मला चीड आणतं. गेल्या वर्षी या चिडीपायी मी एक नवं सॉफ्टवेअर बाहेर पडण्यापासून दीड दिवस अडवून धरलं. ते बरोबर केलं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

आधी काम सांगते. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा हक्क मागायचा, तर दाव्याला जमिनीचा नकाशा जोडलेला बरा पडतो. त्यासाठी एक अ‍ॅप आहे. फोन चालू करायचा, खिशात ठेवायचा आणि शेताच्या हद्दीवरून एक फेरी मारायची. फोन आपल्या वाटेची रेघ काढत जातो आणि फेरी पुरी झाली की शेताचा आकार तयार. हे अ‍ॅप कुठल्या कंपनीचं नाही. त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो. वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांना क्वचितच भेटलेली माणसं ते फुकट सांभाळतात. मी त्यात आले ती याच कारणाने. कुणाच्या जमिनीची रेघ कशी काढली, हे त्या माणसाला उघडून बघता आलंच पाहिजे, असं माझं मत होतं आणि आहे.

माझ्याकडे तक्रारींची यादी असते. कुणीही तक्रार लिहू शकतं. नवी आवृत्ती सोडायची वेळ आली की त्यातल्या कोणत्या तक्रारी दूर झाल्याशिवाय ती सोडायचीच नाही, हे बघायचं माझं काम. आमच्यात त्यांना ब्लॉकर म्हणतात. मी अडसर म्हणते. दाराला आतून आडवा लावलेला दांडा, तो निघाल्याशिवाय दार उघडत नाही.

हे काम माझ्याकडे देणं ही इतरांची पहिली चूक होती. मी शहाद्याजवळच्या कळसाडीची. आमच्या घरात कापसाच्या गाठोड्यांशेजारी पत्रकांची गाठोडी असायची. वडील शाळेत शिक्षक आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिणारे: शेतमजुरांची, धरणग्रस्तांची, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्यांची. मी बाराखडी पाटीवर गिरवली, पण वाचायला शिकले ते पत्रकांवर. पत्रकात किरकोळ मागणी नसते. सगळ्या मागण्या तातडीच्या आणि सगळ्या मान्य झाल्याच पाहिजेत. माझ्या पहिल्या यादीत तेवीस तक्रारी होत्या. त्यातल्या एकोणीस मी अडसर म्हणून लावल्या. एका बटणाचा हिरवा रंग उन्हात नीट दिसत नाही, हासुद्धा अडसर.

आवृत्ती सोडायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या ताई सांगलीकडच्या, कॉलेजात शिकवतात. त्यांनी यादी बघून मला फोन केला.

"अगं, ही यादी आहे की मोर्चा?"

"सगळ्या खऱ्या अडचणी आहेत, ताई."

"असतील. पण दाराला एकोणीस दांडे लावलेस तर आत बसलेल्यांनी करायचं काय? बाहेर पडायचं कधी?"

वडील ओट्यावर कापसातली कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, निवडत बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आम्ही पत्रकमा दहा मागण्या लिखूत. पन साहेबना केबिनमा जाताना एकच मागणी लिसन जाऊत."

"तो काळ निराळा होता, आप्पा."

"साहेब तोच शे," ते म्हणाले आणि पुन्हा कवडी निवडायला लागले.

मी एकही दांडा काढला नाही. ताईंनीच त्यातले पंधरा काढले आणि तेव्हापासून माझ्या 'अडसर' या लेबलकडे लोक हसून बघायला लागले.

अशात एक तक्रार आली. तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या वनहक्क समितीकडून, एका ओळीची: 'शेत अर्धं येतं.' सोबत तीन नकाशांचे फोटो. बाकी काही नाही. कोणता फोन, कोणती पायरी, कधी घडलं, काही नाही. दोघातिघांनी खाली प्रश्न विचारले. उत्तर आलं नाही. आमच्या यादीवर एक यंत्र बसवलेलं आहे. तीस दिवस एखाद्या तक्रारीवर कुणी बोललं नाही की ते तिला आपोआप बंद करतं. त्याने हिलाही बंद केलं, वर 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' असंही लिहिलं.

मला मात्र ते तीन नकाशे सोडेनात. तिन्ही शेतं वाकड्यातिकड्या हद्दीची, डोंगरउताराची. एका बाजूने रेघ छान वळत वळत जाते, ओढा टाळते, खडकाला वळसा घालते. मग एकाएकी, पट्टी ठेवून ओढल्यासारखी, सरळ उलटी सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळते. अर्धं शेत त्या सरळ रेघेबाहेर. उपग्रहाचा गोंधळ असता तर रेघ थरथरली असती. फोन बंद पडला असता तर आकार पुरा झालाच नसता. इथे फोनने शांतपणे ठरवलं होतं की झालं आता. का ठरवलं असेल?

मी आमच्या शेतावर फेऱ्या मारून बघितलं. भरभर चालले, सावकाश चालले, फोन पिशवीत टाकून चालले. प्रत्येक वेळी शेत पूर्ण. चौकोनी, सात-बाऱ्यासारखं स्वच्छ.

"पोरी, तीन चक्कर व्हयनात," वडील बांधावरून ओरडले. "कापूस येचाले मानसं भेटत नही, नि तू मोबाईल फिरावी ऱ्हायनी."

"आखो एक चक्कर, आप्पा."

"त्याले इचार तरी, थकना का म्हनीसन."

चौथ्या फेरीतही शेत पूर्णच आलं.

इकडे नवी आवृत्ती शुक्रवारी सोडायची ठरली होती. घाई उगाच नव्हती. जुनी आवृत्ती नव्या फोनवर उघडतच नव्हती आणि विदर्भातल्या बऱ्याच गावांची मोजणी त्यामुळे अडून होती. डोंगरातल्या त्या समितीकडेही नवाच फोन. म्हणून ते लोक आमची अजून कच्ची, चाचणीतली आवृत्ती वापरत होते. शुक्रवारपासून तीच पक्की होऊन सगळीकडे जाणार होती.

त्या आठवड्यात समितीचे सचिव शहाद्याच्या बाजाराला उतरणार असल्याचं कळलं, म्हणून मी त्यांना गाठलं. चाळिशीचे, घरी पावरी बोलणारे, शाळेतली मराठी जपून वापरणारे. लसणाच्या ढिगापाशी उभं राहून आम्ही बोललो.

"तक्रारीला उत्तर का नाही दिलंत?"

"इंग्रजीत विचारलं होतं, मॅडम. आणि आम्हाला वाटलं, आमचंच चुकत असेल. मशीन कसं चुकेल?"

मला लसणासकट सगळा बाजार उलटा करावासा वाटला. पण ते पुढे सांगत होते. पाड्यावरच्या एका विधवा बाईचं शेत तीनदा मोजून तीनदा अर्धं आलं होतं. जो भाग गळतो तो ओढ्याकाठचा, तिच्या शेतातला सगळ्यात चांगला. भात तेवढ्याच तुकड्यात होतो, बाकी नुसता उतार. पुढच्या सोमवारी ग्रामसभेपुढे सगळे दावे ठेवायचे होते. तिच्या दाव्याला जो नकाशा लागेल, तेवढीच जमीन तिने मागितली असं धरलं जाणार.

"मग हाताने काढा ना नकाशा."

"बाकी सगळ्यांचे फोनने काढलेले. तिचा एकटीचा हाताने काढला, तर वरती कोणीतरी विचारणारच, हिचा का नाही?" त्यांनी लसणाची पिशवी खांद्यावर टाकली. "तुम्ही या, मॅडम. बघा एकदा आम्ही कुठे चुकतो ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपने घाट चढले. वर चांगलीच थंडी होती. पाड्यापर्यंत शेवटचा तुकडा पायी. त्या बाई अंगणात मक्याची कणसं सोलत होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत. मी त्यांना मावशी म्हटलं. त्यांनी मला नखशिखांत बघून सचिवांना पावरीत काहीतरी विचारलं आणि दोघं हसले.

"काय म्हणाल्या?"

"विचारतात, मशीन दुरुस्त करायला एवढीशीच पोर पाठवली का."

मी ठरवलं होतं, काही सांगायचं नाही, फक्त मागे चालायचं. फोन चालू करून सचिवांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. मावशी पुढे, हातात कोयता, वाटेतली काटेरी फांदी उडवत. हद्द म्हणजे कुठे दगडांची रांग, कुठे मोहाचं झाड, कुठे नुसतं 'इथून' असं बोट. एक शेजारी सोबत चालत होता. त्याच्या आणि मावशींच्या शेतामधली बाजू संपली तसा तो रामराम करून परत फिरला. मावशी एका सपाट दगडावर बसल्या. सचिव त्यांच्या शेजारी बसले. बिडी पेटली.

मला वाटलं, विसावा घेतायत. पाच मिनिटं गेली. मग आणखी पाच.

"निघायचं का?" मी शेवटी विचारलंच.

"तो यायचाय ना," सचिव म्हणाले.

"कोण?"

"पलीकडच्या शेताचा. इथून पुढे हद्द त्याच्याशी. तो आल्याशिवाय कशी चालायची?"

"पण शेत तर मावशींचं."

सचिवांनी हे मावशींना सांगितलं. त्या माझ्याकडे वळून मोडक्या मराठीत म्हणाल्या, "शेत माझं. हद्द दोघांची."

तेवढ्यात सचिवांच्या खिशात फोन गुर्रकन थरथरला. त्यांनी खिशावर हात ठेवला, जसा आपण झोपेत कुरकुरणाऱ्या लेकरावर ठेवतो, आणि बिडी ओढत राहिले. मी मात्र उडी मारून फोन काढून घेतला. पडद्यावर लिहिलं होतं: 'अभिनंदन! आपली नोंद पूर्ण झाली.' खाली अर्धं शेत.

मी मोठ्याने हसले. खरंच सांगते, आनंदाने हसले. महिनाभर डोक्यात फिरणारं कोडं समोर उलगडलं होतं. दहा मिनिटं माणूस हलला नाही, की अ‍ॅप समजत होतं फेरी संपली. आमच्या चौकोनी शेतावर मी दहा मिनिटं कधी थांबलेच नव्हते. कशाला थांबणार? आमच्या हद्दी कागदावर आहेत. शेजाऱ्याला साक्षीला बोलवायची गरज आमच्या घराला कधी पडली नव्हती.

"हसते काय?" मावशी म्हणाल्या.

मी सचिवांकरवी सगळं समजावलं. मावशींनी फोन हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"याला सांग ना. थांब म्हणून. माणूस थांबतो, बैल थांबतो, याला काय झालं?"

पलीकडचा शेजारी अखेर शेळ्या हाकत उतरला, तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. मावशींनी त्याला पावरीत असं काही सुनावलं की तो कान पकडून उभा राहिला. सचिवांनी माझ्यासाठी अर्थ लावला. जेवणाचं आवतण असतं तर हा शेळ्यांच्याही आधी पोचला असता, असं त्या म्हणत होत्या. मग दोघं पुढची बाजू चालले. एका दगडावरून त्यांचा वाद झाला, दोघांनी वाकून तो बघितला आणि दोघांनी मिळून तो हातभर सरकवला. ज्या फोनने आकार केव्हाच बंद करून टाकला होता, त्याला यातलं काही कळलं नाही.

वर तोरणमाळच्या तळ्याजवळ नेटवर्क येतं. तिथे बसून मी कोड उघडला. ही दहा मिनिटं कुणी घातली, हे मला बघायचं होतं. खुल्या कोडमध्ये प्रत्येक ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली याची नोंद राहते. शहरात बसून, कधी बांध न बघितलेल्या कुणाला तरी मी मनातल्या मनात पत्रकाच्या भाषेत झोडपायला सुरुवातही केली होती. ओळ सापडली. शेजारी लिहिलं होतं, अमुक क्रमांकाच्या तक्रारीवरून. मी ती तक्रार उघडली.

तक्रार माझी होती.

पावसाळ्यात मी आमच्या शेताची फेरी मारली, फोन थांबवायला विसरले आणि घरी येऊन बसले. नकाशात आमचं शेत वाकडी शेपटी काढून थेट आमच्या ओट्यापर्यंत आलं. त्यावर मी लिहिलं होतं: 'शेतकऱ्याने बटण दाबायचं लक्षात ठेवावं, ही अपेक्षाच अन्यायकारक आहे! माणूस थांबला की यंत्राला कळलंच पाहिजे! ही दुरुस्ती झाल्याशिवाय नवी आवृत्ती सोडू देणार नाही!' तीन वाक्यं, तीन उद्गारचिन्हं. ताईंनी माझे पंधरा दांडे काढले होते, हा मात्र ठेवला होता आणि केरळातल्या एका सज्जन माणसाने ते काम इमानाने करून टाकलं होतं.

मी तिथूनच ताईंना फोन लावला.

"ताई, अडसर आहे."

"तुझ्याकडे कधी नसतो?"

मी सगळं सांगितलं, तक्रार कुणाची होती तेही.

"त्यांना सांग ना, या वेळी थांबू नका. शेजाऱ्यांना आधीच गोळा करून ठेवा."

"प्रत्येक बाजूला वेगळा शेजारी आहे, ताई. कुणी शेळ्यांमागे, कुणी मजुरीवर. आणि त्यांची पद्धत चुकीची नाहीच. आपल्या दहा मिनिटांसाठी त्यांनी साक्षीदार का सोडावा?"

"विदर्भातले लोक महिनाभर थांबलेत. त्यांना काय सांगू? आणि ती दहा मिनिटं काढून टाकली की शेपट्या परत येणार. तुझ्यासारखे विसरभोळे खूप आहेत."

ती अडलेली माणसंही मावशींइतकीच खरी होती. मी म्हटलं, "माझ्या यादीत आत्ता सहा अडसर आहेत. बाकीचे पाच मी काढते. हा एकच ठेवते."

"उन्हातलं हिरवं बटण पण?"

त्या बटणासाठी मी चार महिने भांडत होते. शेतात काम करणाऱ्यांना दिसत नसलेलं बटण ही तत्त्वाची गोष्ट आहे, असं मला अजूनही वाटतं. "ते पण," मी म्हटलं.

"आणि काढायची नाहीत दहा मिनिटं, तर करायचं काय?"

मला मावशींचं बोलणं आठवलं. "त्याने स्वतः ठरवू नये. विचारावं. 'थांबलात, की झालं?' असं दर दहा मिनिटांनी बोलून विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत काही बंद करू नये. उत्तर न देता माणूस घरी गेलाच, तर तेवढी शेपटी मागाहून कापता येईल असं ठेवावं."

"शनिवार संध्याकाळपर्यंत," ताई म्हणाल्या. "त्यानंतर आहे तशी सोडणार. तू रडलीस तरी."

पाच लेबलं मी तिथेच काढली. तोवर समजलेलं सगळं त्या बंद झालेल्या तक्रारीखाली लिहिलं, तिला पुन्हा उघडलं, आणि शेवटी केरळातल्या त्या माणसाची माफी मागितली. त्याने रात्रीतून बदल करायला घेतला. विचारणारा आवाज पावरीत हवा म्हणून सचिवांनी मला तीन शब्द बोलून पाठवले. मागे कोंबडा आरवतो, तो अजूनही त्या आवाजात आहे. शुक्रवारी विदर्भातून एक रागावलेला संदेश आला, तो मी जसाच्या तसा यादीत ठेवला. शनिवारी दिवेलागणीला आवृत्ती बाहेर पडली.

रविवारी आम्ही पुन्हा चाललो. शेळ्यांवाला शेजारी या वेळीही उशिरा आला. सपाट दगडावर चाळीस मिनिटं गेली. फोन चार वेळा बोलला आणि चारही वेळा मावशींनी, सचिवांना न देता, स्वतः 'थांबलोय'चं बटण दाबलं. तिसऱ्या वेळी त्या फोनवरच खेकसल्या. त्याचा अर्थ सचिवांनी मला सांगितला नाही. दुपारी फेरी पुरी झाली तेव्हा पडद्यावर वाकडातिकडा, ओढ्यापर्यंत उतरलेला अख्खा आकार होता. मावशींनी ओढ्याकाठच्या तुकड्यावर अंगठा ठेवला. तो तुकडा अंगठ्याखाली पूर्ण झाकला गेला.

सोमवारी ग्रामसभेने दावा त्या नकाशासह पुढे पाठवला. निकाल अजून लागलेला नाही. ओढ्याकाठची जमीन मावशींच्या नावावर होईल की नाही, ते मला माहीत नाही. निदान त्यांनी ती मागितली आहे, एवढं आता कागदावर आहे. त्यांच्या पाड्यावर मोजून पाठवलेले आणखी दोन अर्धे नकाशे होते, तेही पुन्हा काढले गेले. बाकी किती पाड्यांवर किती शेतं अशी अर्धी पुढे गेली असतील, ते आमच्या यादीत दिसत नाही, कारण तिथून कुणी एक ओळही लिहिलेली नाही.

म्हणून मागणी करते, आणि या वेळी एकच करते. तुमच्या तालुक्यात अशी मोजणी चालू असेल, तर एक दिवस काढा. ज्याची जमीन मोजायची आहे त्याच्या मागून हद्दीवर चाला. शिकवू नका, घाई करू नका, तो बसेल तिथे बसा. फोन त्या वेळी काय करतो ते बघा, आणि माणूस कशासाठी थांबला होता, हे तुमच्या कुठल्याही बोलीत दोन ओळींत लिहून ते अ‍ॅप बनवणाऱ्यांना त्याच दिवशी पाठवा.